समुद्राचा तास, उल्हासच्या काठी

उल्हास नदीचं पाणी कुठून येतं, हे बदलापूर गावातलं शेंबडं पोरही सांगतं. राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरातून निघायचं आणि कर्जत, नेरळ, वांगणी करत आपल्याकडे यायचं. पण हे पाणी पुढे जातं कुठे, असं विचारलं की सातवीचा वर्ग गप्प होतो. "कल्याणला," असं एखादा म्हणतो. "आणि कल्याणच्या पुढे?" मग मागच्या बाकावरून उत्तर येतं, "बाई, पाइपातून लोकांच्या घरी." हे उत्तर चुकीचं नाही. शहाडला उचललेलं उल्हासचं पाणी ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरपर्यंत नळाने पोहोचतं. मात्र नदी तिथे संपत नाही. कल्याणनंतर ती रुंद होते, खारी होते, दिवसातून दोनदा उलटी वाहते. ठाण्याजवळ तिचा एक अरुंद फाटा ठाण्याच्या खाडीकडे वळतो, आणि मुख्य प्रवाह वसईच्या खाडीतून अरबी समुद्रात जातो.

मी याच गावातल्या शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवते. माहेर रेवदंड्याचं, सासर इथलं. बदलापूर स्थानक सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर आहे आणि जुनं गाव त्याहूनही बाजूला, नदीच्या अंगाला. इथून समुद्र दिसत नाही, त्याचा वासही येत नाही. तरीही समुद्राचा अभ्यास मुलांना शिकवायला याहून चांगल्या जागा थोड्याच असतील, असं माझं ठाम मत आहे. समुद्रात जे जे जाऊन पडतं, चांगलं आणि वाईट, त्यातलं बरंच काही इथे आमच्या हाताला लागतं.

आपल्याकडे समुद्र शिकवतात तो पुस्तकातून, आणि तसं पाहिलं तर पुस्तकात तो कमी नाही. सहावीच्या भूगोलात महासागरांचं महत्त्व आहे, सातवीत भरती-ओहोटी आहे. महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा लाभला आहे, हे वाक्य तर आपण सगळ्यांनीच पाठ केलेलं आहे. त्यापुढे मात्र समुद्र म्हणजे किनाऱ्यावरच्या शाळांचा विषय, असं समजून आतल्या तालुक्यांतले शिक्षक धडा वाचून मोकळे होतात. वर्षातून एखादी सहल चौपाटीवर जाते, मुलं पाय भिजवतात, भेळ खातात. सहलीला माझा विरोध नाही. पण समुद्र मोजता येतो, लिहून ठेवता येतो, त्याच्याबद्दल आज अंदाज करून उद्या तो ताडून बघता येतो, ही गोष्ट मुलांना चौपाटीवर कोणी सांगत नाही. शास्त्राची सुरुवात तर तिथूनच होते.

भरतीचंच बघा. रेवदंड्याला आमचे आजोबा घड्याळ न बघता भरतीची वेळ सांगायचे. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमाराला भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. कोकणच्या किनाऱ्यावर हा आडाखा कोळ्यांना, खलाशांना, वाळूत कालवं काढायला जाणाऱ्या बायकांना तोंडपाठ असतो.

मी वर्गात हा आडाखा आधी देते आणि मग विचारते, पाऊणपटच का? दीडपट का नाही, निमपट का नाही? मुलं फळ्यावर येऊन मांडतात. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी होते, हे पंचांगाचं गणित. ३६० अंशांत अशा तीस तिथ्या. पृथ्वीला स्वतःभोवती ३६० अंश फिरायला २४ तास लागतात, म्हणजे बारा अंशांना ४८ मिनिटं. ४८ मिनिटं म्हणजे तासाचे पाच भाग केले तर चार. इथे हुशार मुलगी लगेच अडवते, "बाई, पाऊण तास म्हणजे ४५." बरोबर आहे. तीन मिनिटांचा फरक राहतोच, आणि तोंडी हिशेबाच्या सोयीसाठी जुन्या लोकांनी तो सोडून दिला. पंधरा तिथ्यांत तो साचून पाऊण तास होतो, म्हणून पौर्णिमेची खरी भरती सव्वाअकराच्या ऐवजी बाराकडे झुकते. पावसाळ्यात वर्तमानपत्रात मुंबईच्या मोठ्या भरतीच्या वेळा छापून येतात. मुलं त्या कापून वहीत चिकटवतात, शेजारी कालनिर्णय बघून तिथी लिहितात आणि आजोबांचा आडाखा किती चुकला, ते मिनिटांत काढतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येतं ते उधाण, अष्टमीच्या आसपासची ती भांगाची भरती. हे दोन शब्द मग पाठ करावे लागत नाहीत, आकड्यांतूनच दिसतात.

याच कामाचं मोठं रूप म्हणजे मुंबईच्या अपोलो बंदरावरचं भरतीमापक यंत्र. तिथली नोंद १८७८ पासून आहे. हिंदी महासागरातल्या इतक्या जुन्या नोंदी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या आहेत. समुद्राची पातळी शंभर वर्षांत किती वाढली, हे आज शास्त्रज्ञ सांगतात, ते कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या कंटाळा न करता आकडे लिहून ठेवले म्हणून. मुलांना मी हे आवर्जून सांगते, कारण वहीत रोज एक आकडा लिहिणं हे त्यांना फालतू काम वाटतं.

आता आमच्या नदीकडे येते. जुलैत वालिवलीच्या पुलावरून पाहिलं तर उल्हास चहाच्या रंगाची असते. आमच्यातलं एखादं मोठं माणूस दोरीला बादली बांधून पाणी काढतं. मुलांना पुराच्या पाण्याजवळ आम्ही नेत नाही, आणि कुणी नेऊही नये. ते पाणी दोन सारख्या काचेच्या बरण्यांत भरायचं. एका बरणीत काहीच घालायचं नाही. दुसरीत साधं मीठ घालायचं, लिटरला दोन-तीन चमचे, आणि दोन्ही ढवळून खिडकीत ठेवायच्या. पहिला तास संपेपर्यंत फारसा फरक दिसत नाही. मधल्या सुट्टीच्या सुमारास मिठाच्या बरणीत वरचं पाणी निवळायला लागतं. बारीक बारीक कण एकमेकांना चिकटून कापसासारखे पुंजके होतात आणि खाली बसतात. शाळा सुटताना एका बरणीच्या तळाशी गाळाचा जाड थर आणि वर जवळजवळ स्वच्छ पाणी असतं. दुसरी बरणी दुसऱ्या दिवशी आणि बऱ्याचदा तिसऱ्या दिवशीही गढूळच असते.

कारण असं. सह्याद्रीचा काळा कातळ, बेसाल्ट, झिजून जी चिकणमाती होते तिचे कण अतिशय बारीक असतात आणि त्यांच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो. सारखाच भार असल्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि पाण्यात तरंगत राहतात. मीठ विरघळलं की त्यातले धन भाराचे सोडियमचे कण या मातीच्या कणांभोवती जमतात, लोटणं कमी होतं, कण जवळ येऊन चिकटतात आणि जड होऊन बसतात. उल्हासची माती कर्जतपासून कल्याणपर्यंत पाण्यात तरंगत जाते आणि खाऱ्या पाण्याची गाठ पडली की खाली बसायला लागते. खाडीला एवढा चिखल कशामुळे, तिवरं तिथेच का वाढतात, गोड्या नदीच्या काठी का नाहीत, या सगळ्या प्रश्नांची सुरुवात त्या बरणीत आहे. ठाण्याच्या आणि वसईच्या खाडीतला चिखल म्हणजे आमच्याच डोंगराची माती, हे कळल्यावर मुलं बरणीकडे वेगळ्या नजरेने बघतात. एकाने घरी जाऊन मिठाच्या ऐवजी साखर घालून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी "साखरेने काहीच होत नाही" असं येऊन सांगितलं. का होत नाही, यावर आमचा पुढचा अख्खा तास गेला. साखर विरघळते, पण तिच्यापासून भार असलेले कण सुटत नाहीत. पाठ्यपुस्तकात हे रसायनशास्त्राच्या धड्यात आहे आणि समुद्र भूगोलात. मुलाच्या डोक्यात अशा भिंती नसतात.

खाडी म्हटलं की आपण नदी आणि समुद्र यांची गाठ म्हणतो, पण ही गाठ वर्षभर एका जागी नसते. हे नीट दाखवून दिलं ते गोव्यातल्या शास्त्रज्ञांनी. दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. १९६०च्या आसपास अनेक देशांनी मिळून हिंदी महासागराची मोठी मोहीम काढली होती. तिच्यानंतर, १ जानेवारी १९६६ ला ही संस्था सुरू झाली. संस्थेचे संचालक राहिलेले डॉ. सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडवी आणि झुआरी या नद्यांच्या मुखांचा बारकाईने अभ्यास केला. युरोपातल्या नद्यांत वर्षभर थोडंफार सारखं पाणी असतं, त्यामुळे तिकडच्या पुस्तकांत खाऱ्या-गोड्या पाण्याचा समतोल गृहीत धरलेला असतो. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि मग थांबतो. पावसाळ्यात नदी खारं पाणी मुखाकडे ढकलून देते. पाऊस ओसरला की डिसेंबर ते मे, भरतीच्या जोरावर मीठ हळूहळू वर सरकत राहतं, आणि समतोल गाठायच्या आत पुढचा पाऊस येऊन ठेपतो. अशा मुखांना त्यांनी मान्सूनच्या खाड्या म्हटलं. आमची उल्हास त्याच जातीची. त्याच संस्थेचं एक केंद्र मुंबईत आहे आणि तिथले शास्त्रज्ञ मुंबई-ठाण्याच्या खाड्यांतलं पाणी, गाळ, जीव तपासत आले आहेत.

उल्हासच्या बाबतीत एक गोष्ट मात्र मांडवीपेक्षा वेगळी आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. मे महिन्यात कोकणातल्या बहुतेक नद्यांचे दगड उघडे पडतात, उल्हासला मात्र पाणी असतं. ते येतं भिवपुरीच्या वीजकेंद्रातून. टाटांनी १९२२ मध्ये हे केंद्र सुरू केलं. घाटमाथ्यावर आंद्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण बांधून तिथलं पाणी घाटाखाली सोडलं, त्यावर वीज तयार केली आणि वापरलेलं पाणी पेज नदीतून उल्हासला मिळालं. आंद्रा मूळची इंद्रायणीची, इंद्रायणी भीमेची, भीमा कृष्णेची. म्हणजे जे पाणी निसर्गाने बंगालच्या उपसागरात जायचं ठरवलं होतं, ते शंभर वर्षांपासून बदलापूरवरून अरबी समुद्रात जातंय. भारताच्या नकाशावर बोटाने हा रस्ता काढून दाखवला की वर्गात कुजबुज सुरू होते. घाटमाथ्यावर पडलेला एक थेंब पूर्वेच्या समुद्रात जायचा की पश्चिमेच्या, हे माणसाने ठरवलं, आणि त्यावर आमच्या गावचं उन्हाळ्यातलं पिणं चाललंय.

आणि पुढे खाणंही. मे महिन्यात आमच्याकडे घरोघर आगोटीची खरेदी होते. सुके बोंबील, जवळा, सोडे भरून ठेवायचे, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. हा जवळा आणि बोंबील येतो मुंबई, वसई, पालघरच्या समुद्रातून. बोंबलाचं मुख्य खाणं जवळा. जवळा जगतो पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवर आणि सडलेल्या पाल्यापाचोळ्याच्या बारीक कणांवर. सूक्ष्म वनस्पतींतल्या एका मोठ्या गटाला, डायटमना, काचेसारखं कवच करायला सिलिका लागतं. ते सिलिका नद्या डोंगराच्या दगडातून विरघळवून आणतात. म्हणजे सह्याद्रीचा दगड, उल्हासचं पाणी, खाडीतले डायटम, जवळा, बोंबील, आणि ताटातलं कालवण, अशी ही रांग लागते. मुलांना ही रांग उलटी सांगायला लावते, ताटापासून डोंगरापर्यंत, म्हणजे ती नीट बसते. डायटम सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. आमच्या शाळेतला सूक्ष्मदर्शक जुना आहे, पण नदीतल्या दगडावरची बुळबुळ खरवडून काचपट्टीवर घेतली की होडीच्या आकाराचे सोनेरी तपकिरी डायटम त्यात स्पष्ट दिसतात. हे गोड्या पाण्यातले असतात, पण समुद्रातल्या डायटमचे सख्खे चुलत भाऊच. जगभरच्या प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे पाचवा हिस्सा हा एकटा गट करतो. वर्गातल्या एका मुलीने डोळा लावला आणि बराच वेळ तो काढलाच नाही. मागे रांग लागली तरी मी तिला उठवलं नाही.

हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्राकडून मच्छीमारांना मासे कुठे सापडण्याची शक्यता आहे, याची सूचना मराठीतूनही मिळते. उपग्रहातून समुद्राच्या पाण्याचा रंग आणि तापमान मोजतात. हिरवट रंग म्हणजे तिथे या सूक्ष्म वनस्पती जास्त, आणि जिथे चारा तिथे मासे. आमच्या मुलीने काचपट्टीवर जे पाहिलं तेच उपग्रह आकाशातून मोजतो, असं सांगितलं की तिला स्वतःच्या कामाचं मोल कळतं.

चांगल्याबद्दल लिहिलं, आता वाईटाबद्दलही लिहायला हवं. अंबरनाथचं प्राचीन शिवमंदिर शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चं. ते वालधुनी नदीच्या काठावर आहे. ही वालधुनी अंबरनाथ, उल्हासनगर करत कल्याणला उल्हासला मिळते. हजार वर्षांपूर्वी ज्या नदीचा काठ देवळासाठी निवडला, त्या नदीचं पाणी आपण निळं, काळं, लाल झालेलं पाहिलंय. 'वनशक्ती' या संस्थेने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. २०१५ मध्ये लवादाने जबाबदार यंत्रणांना नदी सुधारण्यासाठी एकूण ९५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. पुढे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेलं. जीन्स रंगवणाऱ्या आणि धुणाऱ्या कारखान्यांबद्दल उल्हासनगरात अनेक वर्षं वाद आहेत. त्यात कितीतरी कुटुंबांची पोटं गुंतलेली आहेत, त्यातली काही मुलं माझ्या वर्गात बसतात, म्हणून मी तो विषय फार जपून काढते.

पण काढते. कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. जीन्सच्या कापडातून धुताना बारीक तंतू सुटतात. वापरलेल्या एका जीन्समधून एका धुण्यात पन्नास हजारांहून जास्त तंतू सुटतात, असं त्यांनी मोजलं. मग त्यांनी गाळाचे नमुने तपासले. निळीने रंगवलेले तेच तंतू त्यांना मोठ्या सरोवरांच्या तळाशी मिळालेच, पण उत्तर ध्रुवाकडच्या कॅनडाच्या समुद्रतळाच्या गाळातही मिळाले, जिथे माणसांची वस्ती नावालाच आहे. उल्हासनगरची जीन्स देशभर जाते, आपण सगळेच ती घालतो, धुतो. हा दोष एका गावाचा नाही. वर्गात आम्ही जुन्या जीन्सचा तुकडा बादलीत चोळून धुतो, ते पाणी पांढऱ्या पातळ कापडातून गाळतो आणि कापड भिंगाखाली धरतो. निळे केसासारखे तंतू साध्या भिंगातूनही दिसतात. मुलं मोजायला लागतात आणि थोड्याच वेळात मोजणं सोडून देतात. त्यानंतर जीन्स रोज धुवायची गरज आहे का, हा प्रश्न घरोघर जातो आणि आयांकडून मला निरोप येतात, काही कौतुकाचे, काही तक्रारीचे.

एवढं सगळं गावात झाल्यावर मुलांना खाली, खाऱ्या पाण्याकडे न्यायचं. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी बरणी, मग खाडी. कल्याणला दुर्गाडी किल्ल्याखाली ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने अरबी समुद्रातल्या बंदरांची जी माहिती लिहिली, तिच्यात कल्याणचं नाव आहे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आलं आणि शिवाजी महाराजांनी जहाजं बांधायला सुरुवात केली ती याच खाडीच्या पाण्यावर. इतकी जुनी बंदरं आत, नदीच्या अंगाला का असायची, हे मुलांना इथे उभं राहून लगेच समजतं. वाऱ्या-लाटांपासून आडोसा, प्यायला गोडं पाणी, आणि भरती जहाज आपोआप आत आणून सोडते.

पुढे ऐरोली. बदलापूरहून लोकलने ठाणे, तिथून पनवेल-वाशीच्या गाडीने ऐरोली. वनविभागाच्या कांदळवन कक्षाने, जो २०१२ मध्ये स्थापन झाला, इथे किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र उभं केलं आहे. ठाणे खाडीच्या १,६९० हेक्टरांना २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केलं आणि २०२२ मध्ये ही जागा पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. रोहित पक्षी बघायला सगळेच जातात, जावंही. माझी मुलं मात्र खाली वाकून चिखल बघतात. तिवराची मुळं पेन्सिली उभ्या रोवाव्यात तशी चिखलातून वर आलेली असतात, कारण चिखलाच्या आत हवा नसते आणि मुळांना श्वास वर घ्यावा लागतो. त्या मुळांच्या मधून निवटी उड्या मारतात. मासा असून चिखलावर चालणारी निवटी बघितली की मुलं एकमेकांना ढकलायला लागतात. एक डांगी मोठी आणि एक लहान असलेले खेकडे बिळाच्या तोंडाशी येऊन मोठी डांगी हलवत राहतात, आणि फक्त नरच हलवतात, हे मुलांना स्वतःहून शोधायला मी वेळ देते. त्याच मुळांत प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि दोऱ्या अडकलेल्या असतात. त्याबद्दल मी भाषण करत नाही. उल्हासनगर-कल्याणच्या दुकानांची नावं पिशव्यांवर वाचता येतात, मुलं ती वाचतात.

मुंबईच्या किनाऱ्यावरही आता बघण्यासारखं काम होतंय. प्रदीप पाताडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम सुरू केला. ओहोटीच्या वेळी गिरगाव, हाजी अली, जुहू अशा ठिकाणी लोकांना घेऊन खडकांतले जीव दाखवायचे आणि त्यांची नोंद ठेवायची. ज्या पाण्याला आपण गटार म्हणून नाक मुरडतो तिथे समुद्रफुलं, ऑक्टोपस, प्रवाळासारखे वसाहत करून राहणारे जीव आहेत, हे त्यांनी हजारो मुंबईकरांना दाखवून दिलं. आमच्या पिढीने समुद्री जीव पाहिले ते १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात, काचेआड. स्वतःच्या पायांखालच्या खडकात ते शोधायला मिळणं हे माझ्या मते जास्त मोलाचं आहे.

साध्या माणसांच्या नोंदींवर शास्त्र किती चालतं, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण गुहागरचं. रत्नागिरी जिल्ह्यात ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी एके काळी माणसं काढून न्यायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, वेळासच्या ग्रामस्थांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली आणि ते काम किनाऱ्यावरच्या गावागावांत पसरलं. त्यामुळे रात्री कासव आलं की ते बघणारी, त्याच्या अंगावरची खूण वाचणारी माणसं आज तिथे आहेत. २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या परावर धातूची छोटी पट्टी होती, क्रमांक ०३२३३. ती पट्टी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या लोकांनी मार्च २०२१ मध्ये ओडिशात, गहिरमाथ्याला लावलेली होती. पूर्व किनाऱ्यावरची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, असं धरून चालणाऱ्यांना विचार करायला लावणारी ही एक नोंद. कासव निदान ३,५०० किलोमीटर पोहून आलं असणार. माझ्या वर्गाला मी भारताचा नकाशा देऊन पूर्वेकडून पश्चिमेला समुद्रमार्ग काढायला सांगितलं, तेव्हा बऱ्याच मुलांना पहिल्यांदाच जाणवलं की ठोकरवाडीच्या त्या पाण्याचे दोन समुद्र खाली जाऊन एकच आहेत.

२७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, चामटोलीजवळ पुरात अडकली. सुमारे १,०५० प्रवाशांना बोटींनी आणि दोरीने बाहेर काढलं. एनडीआरएफ आणि नौदल आलं, आजूबाजूच्या गावांनी खायला-प्यायला दिलं. माझे आजचे विद्यार्थी तेव्हा बालवाडीत होते, पण घरात अजून त्या दिवसाच्या गोष्टी निघतात. पुराबद्दल बोलताना इकडे धरणाचं नाव निघतं, पूररेषेचं निघतं, समुद्राचं कधी निघत नाही. खरं तर तो पाऊस अरबी समुद्रावरून आलेल्या वाऱ्यांनीच आणलेला होता. आणि नदीच्या खालच्या टोकाला, कल्याण-भिवंडीकडे, पूर आणि उधाणाची भरती एका वेळी आली की पाणी उतरायला वेळ लागतो. म्हणून तिथी आणि पाऊणपटीचा हिशेब आमच्या मुलांना यायला हवा, असं मी म्हणते, तेव्हा पालकांना ते पटतं.

शाळांना यासाठी काय लागतं? दोन बरण्या, मिठाचा पुडा, भिंग, कालनिर्णय. पाण्याचा गढूळपणा मोजायला वीस सेंटिमीटरची तबकडी, तिचे चार भाग आलटून पालटून काळे-पांढरे रंगवलेले. दोरीने पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की खोली लिहायची. अँजेलो सेकी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात बोटीवरून अशीच पांढरी तबकडी सोडून पाहिली होती आणि आजही जगभर ती वापरतात. आमची स्टीलच्या झाकणाची आहे, तळाशी नट बांधून जड केलेली. पावसाळा पूर्ण ओसरल्यावर, नदी शांत असताना, मोठी माणसं सोबत असली तरच ती वापरतो. पैशांपेक्षा वेळापत्रकाची अडचण मोठी आहे. भरती-ओहोटीचा धडा येतो जूनमध्ये, ऐरोलीला जायचे चांगले महिने डिसेंबर ते मार्च, आणि तेव्हा परीक्षांची घाई. माझी शिक्षण विभागाला एवढीच विनंती आहे की हा एक धडा वर्षभर पसरून शिकवायची मोकळीक शिक्षकांना द्यावी.

दुसरी विनंती शिक्षकांनाच आहे. नदीच्या खालच्या टोकाला, वसई, नायगाव, भाईंदर, घोडबंदर भागात विज्ञान शिकवणारं कुणी हे वाचत असेल तर त्यांच्या मुलांनी आणि आमच्या मुलांनी एकाच दिवशी पाणी तपासावं. अमावास्या किंवा पौर्णिमेचा दिवस धरावा, म्हणजे तुमच्याकडे उधाण असेल. आम्ही बदलापूरला गढूळपणा, तापमान आणि पाण्याचा रंग लिहू. तुम्ही त्याच गोष्टी लिहा, आणि शिवाय खारेपणा, भरतीला एकदा आणि ओहोटीला एकदा. एक लिटर पाणी पसरट भांड्यात आटवून राहिलेला क्षार सोनाराच्या काट्यावर वजन केला तरी चालेल. भर समुद्रात लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, तुमच्या खाडीत ते किती आहे आणि जूनपासून मेपर्यंत कसं बदलतं, हे एका वर्षाच्या वह्यांवरून दोन्हीकडच्या मुलांना दिसेल. आमची पहिली नोंद श्रावणी अमावास्येला करायचं ठरलं आहे.